मागच्या सीटचे बासष्ट किलो

एका गावात एक भोळा काटेवाला होता. काटेवाला म्हणजे दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणारा. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगितली की गावात भांडणं होतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, तो काटेवाला मीच. भोळा हा शब्द माझ्या आईचा. माझी बायको शेवंता दुसरा शब्द वापरते. तो मुलांसमोर सांगण्यासारखा नाही.

माझं नाव गजाबा तोडकर. गाव बोरगेवाडी, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याच्या कडेला. तीस वर्षं मी लोकांचे काटे सरळ करतोय. आमच्या धंद्यात किलो म्हणजे किलो. नऊशे नव्वद ग्रॅमला आम्ही किलो म्हणत नाही आणि एक हजार दहालाही म्हणत नाही. त्यामुळे मला कुणी काही सांगितलं की मी ते तेवढंच धरतो. जास्त नाही, कमी नाही.

शेवंताची धाकटी बहीण सुमन साखरप्याला दिलेली. आंबा घाट उतरला की साखरपा. आमच्या दारापासून एकाहत्तर किलोमीटर. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. शेवंता दरवर्षी बहिणीकडे जाते आणि दरवर्षी एकटी जाते, एसटीनं. माझा नेमका त्याच दिवशी कुठला तरी काटा बिघडलेला असतो. यंदा सुमननं घर बांधलं. वास्तुशांतीचं बोलावणं आलं, तेव्हा शेवंता म्हणाली, "एकदा तरी दोघं मिळून जाऊया की. लोक इचारत्यात, दाजी हाईत का न्हाईत."

मला ते लागलं. खरंच लागलं. म्हणून मी मोटारसायकल घेतली. साधी नाही, लांब पल्ल्याची. शोरूमवाला म्हणाला, "हिच्यावर माणसं लडाखला जातात." मी म्हटलं, "आम्हाला साखरप्याला जायचंय." त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "जाईल."

मग त्यानं किल्ली हातात दिली आणि सांगितलं, "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका."

मी म्हटलं, "बरं. लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं. माझी सगळी अडचण तीच आहे. मी लक्षात ठेवतो.

पहिल्याच दिवशी शेवंताला मागं बसवून बांबवड्यापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर ती उतरली, पण तिची कंबर काही सरळ होईना. दारापर्यंत ती वाकूनच गेली. शेजारणीला वाटलं काहीतरी सांडलंय, ती पण शोधायला लागली.

"ही सीट हाय का उंबरा?" शेवंता भिंतीला धरून म्हणाली. "आजपास्नं बावीस दिसांनी वास्तुशांत हाय. तवर गाडी बसण्याजोगी करा. न्हाईतर मी आपली एसटीनं जाते, हाय तशी."

"आणि गाडी?"

"गाडी इका."

मला गाडी विकायची नव्हती. त्याहून, शेवंताला पुन्हा एकटीला पाठवायचं नव्हतं. म्हणून मी दस्तगीर मिस्त्रीकडे गेलो. दस्तगीरचं गॅरेज फाट्यावर आहे. माणूस गुणी. आजूबाजूच्या बारा गावांत त्याच्या हाताला नाव ठेवणारा कुणी नाही. मी त्याला सगळं सांगितलं.

दस्तगीर म्हणाला, "सोपं हाय काका. जिथं टोचतंय तिथं मऊ करायचं."

मी म्हटलं, "बरं. लक्षात ठेवतो."

घरी येऊन मी शेवंताला विचारलं, "कुठं टोचतंय?" तिनं सीट दाखवली. मी सीटवर स्पंज घातला. मग मी स्वतः गाडीवर बसलो आणि मला कुठं टोचतंय ते पाहिलं. तर उजव्या पायाला ब्रेकचं पायडल टोचत होतं. लोखंड होतं नुसतं. मी त्याच्यावर चार बोटं जाडीचा स्पंज बांधला. पाय ठेवला की उशीवर ठेवल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी शेवंताला घेऊन निघालो. वळणावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. माझा पाय खाली गेला. स्पंज खाली गेला. ब्रेक होता तिथंच राहिला. म्हैस शहाणी, ती बाजूला झाली. आम्ही विष्णू पाटलाच्या वैरणीच्या गंजीत आरपार घुसलो.

गंजी चांगली मऊ होती. शेवंतासुद्धा म्हणाली, की सबंध रस्त्यात तेवढंच काय ते मऊ लागलं.

दस्तगीरनं पायडलवरचा स्पंज पाहिला. गाडीच्या चाकात अडकलेली वैरण पाहिली. मग खाली बसला.

"काका, असं न्हवं करायचं. दाबून बघायचं. दबतंय म्हटल्यावर घट्ट करायचं."

तो ब्रेकबद्दल बोलत होता, हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हटलं, "बरं. लक्षात ठेवतो."

त्याच आठवड्यात मी कोल्हापुरातून शेवंतासाठी हवेची उशी आणली. मध्ये भोक असलेली, गोल. दुकानदार म्हणाला, कमरेला फार उत्तम. मी घरी आणून तोंडानं फुगवली आणि दाबून पाहिली. दबत होती. मग सायकलचा पंप आणला. हवा मारायची, दाबायची. हवा मारायची, दाबायची. शेवटी मी तिच्यावर उभा राहिलो तरी दबेना. बोटानं वाजवली तर टणटण आवाज आला. मला समाधान वाटलं.

शेवंता बसली. म्हणाली, "ह्याच्यापरीस सीट मऊ हुती."

"दबत नाही ना?"

"दबत न्हाई."

"मग झालं."

शाळेसमोर गतिरोधक आहे. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. गतिरोधकावर गाडी उडाली आणि उशी फुटली. आवाज एवढा झाला की शाळेतल्या मुलांना वाटलं काहीतरी साजरं होतंय, ती टाळ्या वाजवत बाहेर आली. शेवंता पडली नाही. ती होती तिथंच खाली आली, पण एकदम आली. डोक्यावर कावळे ओरडत होते, शाळेची शिपाईण तिला पाणी देत होती आणि शेवंता डोळे मिटून पुटपुटत होती. देवाचं नाव घेत असावी असं मला वाटलं. जवळ गेल्यावर माझंच नाव ऐकू आलं.

"तेरा दिस ऱ्हायले," घरी आल्यावर ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा ते वाईट होतं.

दस्तगीर म्हणाला, "काका, फार भरलासा वो. निम्मंच भरायचं! निम्मं भरलं की आराम असतोय."

मी म्हटलं, "बरं. लक्षात ठेवतो."

आता गाडीला मागं दोन बाजूंना दोन डबे असतात, सामानासाठी. वास्तुशांतीला न्यायचा आहेर मी एकदा ठेवून बघायचं ठरवलं. तांब्याचा हंडा, पितळी समई, नारळ, साडीचोळी. दोन्ही डबे भरणार होतो, पण दस्तगीरचं वाक्य आठवलं. निम्मंच भरायचं. दोन डब्यांचं निम्मं म्हणजे एक. मी सगळं सामान डाव्या डब्यात दाबून भरलं आणि उजवा रिकामा ठेवला.

गाडी डावीकडे वळायला फार छान झाली. न सांगता वळायची. उजवीकडे मात्र काही केल्या वळेना. मग मी युक्ती काढली. उजवीकडे जायचं असेल तर तीनदा डावीकडे वळायचं. ग्रामपंचायतीपासून दूध डेअरीपर्यंत तीन मिनिटांचा रस्ता, मला पंचवीस मिनिटं लागली. वाटेत मारुतीला तीन प्रदक्षिणा झाल्या. पुजाऱ्यानं तिसऱ्या खेपेला प्रसाद दिला.

दस्तगीर माझी वाटच बघत होता. कुणीतरी त्याला आधीच सांगितलं होतं.

"काका, तुमी काटेवाले ना वो? दोन पारड्यांत सारखं नको? डावीकडं जेवढं, तेवढंच उजवीकडं!"

हे मला अगदी काळजाला भिडलं. माझ्या स्वतःच्या धंद्यातली गोष्ट, आणि ती मला मिस्त्रीनं सांगावी! मी शरमेनं मान खाली घातली. "बरं," म्हटलं. "हे तर मी मरेपर्यंत लक्षात ठेवतो."

घरी येऊन सामान दोन्ही डब्यांत वाटलं. ग्रॅमपर्यंत तोलून. मग शेवंताला म्हटलं, जरा बसून बघ. ती नेहमीसारखी बसली. साडी नेसणारी बाई बसते तशी, एका बाजूला. दोन्ही पाय डावीकडे.

मी पाहिलं. डावीकडे दोन पाय. उजवीकडे काहीच नाही.

"शेवंता, तुझ्या दोन पायांचं वजन किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दुरुस्तीला आलेला मोठा काटा ओढत आणला. तिला खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही पाय काट्यावर ठेवायला लावले. पंधरा किलो दोनशे. दुकानातली लोखंडी वजनं काढली, तेवढीच मोजून पिशवीत भरली आणि गाडीच्या उजव्या बाजूला टांगली. आता पारडी सारखी झाली. मी खूश झालो.

गल्लीतून निघालो तर वजनं एकमेकांवर आपटायला लागली. टण टण टण टण. पंचायतीची घंटागाडी अशीच वाजते. दारादारांतून बायका कचऱ्याचे डबे घेऊन बाहेर आल्या. मी थांबलो नाही म्हणून दोघीतिघी मागं पळाल्या. चाळीसच्या वर जायचं नव्हतं आणि गल्लीत तर दहाच्या वरही जाता येत नाही. त्यांनी गाठलं. आमच्या उजव्या डब्याचं झाकण उघडून एकीनं कांद्याची टरफलं आत टाकली आणि शेवंताला म्हणाली, "नवीन लागलीस व्हय कामावर?"

शेवंता उतरली. चालत घरी गेली. मला वाटलं, आता गाडी विकायचीच.

पण संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, "दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले तर ते वजन लागायचं न्हाई न्हवं?"

"नाही लागणार."

"मग पंजाबी ड्रेस शिवून घेते."

वयाच्या शेहेचाळीस वर्षांत तिनं साडीशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नव्हतं. माझ्याबरोबर जायचं म्हणून तिनं हे कबूल केलं. मी तोंड फिरवून उगाच काट्याचा स्क्रू पिळत बसलो. डोळ्यांत पाणी आलं की माणसाला काहीतरी पिळावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी दस्तगीरला हात जोडले. म्हटलं, "मला काही सांगू नका. तुम्हीच करा." त्यानं सीट उसवून आतला फोम बदलला. हँडल दोन बोटं वर घेतलं. पुढं वाऱ्याला काच लावली. पाय ठेवायच्या दांड्या खाली केल्या. सगळं झकास झालं. एकच राहिलं.

"मागची स्प्रिंग काकींच्या वजनाला लावायला पायजे. काकींना घेऊन या."

शेवंता गॅरेजवर यायला तयार होईना. बारा गावची माणसं तिथं बसलेली असतात. दस्तगीर म्हणाला, "मग त्यांच्या वजनाचं काय बी मागं ठेवून आणा."

हे काम माझं होतं. मी शेवंताला काट्यावर उभं केलं. बासष्ट किलो चारशे ग्रॅम. मग पोत्यात तांदूळ भरला. पोत्यासकट बासष्ट किलो चारशे ग्रॅम. शेवटचे दाणे मी हातानं मोजून टाकले. पोतं मागच्या सीटवर उभं ठेवलं आणि पट्ट्यानं बांधलं. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट पाहिजे असा कायदा आहे, म्हणून पोत्याला हेल्मेट घातलं. वारा लागेल म्हणून शेवंताची शाल गुंडाळली.

आठ दिवस मी पोतं घेऊन फिरत होतो. दस्तगीर स्प्रिंग एक आटा आवळायचा, मी चक्कर मारून यायचो. रोज संध्याकाळी पट्टा सोडायचा, पोत्याला मिठी मारायची, उचलून ओट्यावर ठेवायचं. रोज सकाळी पुन्हा बसवायचं. खड्ड्यात गाडी गेली की मी विचारायचो, "लागलं का?" पोतं काही म्हणायचं नाही. चोवीस वर्षांत एवढा शांत सोबती मला मिळाला नव्हता, हे मी शेवंताला सांगितलं नाही. तेवढं मला कळतं.

आठव्या दिवशी दस्तगीर उठून उभा राहिला आणि हात पुसले. "झालं काका! आता मागं कोण बसलंय हे तुमास्नी कळायचं सुदिक न्हाई, इतकी मऊ चालंल. आता कशाला हात लावू नका. हाय तशीच न्या. मागं एका किलोचा बी फरक करू नका. आणि सारखं मागं वळून बघू नका, फुडं बघा."

मी म्हटलं, "बरं. लक्षात ठेवतो."

वास्तुशांतीच्या सकाळी सहा वाजता शेवंता बाहेर आली. नवा जांभळा पंजाबी ड्रेस, केसांत अबोलीचा गजरा, हातात पर्स आणि डब्यात न मावलेली पुरणाची पातेली. लाजली होती. लग्नात लाजली होती तशीच. मी गाडी सुरू करून बसलो होतो. मागं पोतं होतं.

"मी कुठं बसू?"

मी म्हटलं, "थांब." काटा आणला. तिला उभं केलं. सहासष्ट किलो शंभर.

"पातेली ठेव."

ठेवली. त्रेसष्ट किलो सहाशे. मी मान हलवली. "एक किलो दोनशेचा फरक येतोय. मिस्त्रीनं एका किलोचाही करू नको म्हणून सांगितलंय."

"मग?"

"मग आहे तशीच नेली पाहिजे."

"आणि मी?"

"ही तूच आहेस की." मी पोत्यावर हात ठेवला. "बासष्ट किलो चारशे. बरोबर तुझंच वजन आहे."

शेवंता पोत्याकडे बघत राहिली. पोत्यानं तिचं हेल्मेट घातलं होतं, तिची शाल पांघरली होती. मग तिनं पातेली उचलली, दाराला कुलूप लावलं आणि फाट्याकडे चालायला लागली. मला वाटलं, समजूतदार बाई आहे.

मी चाळीसनं निघालो. गाडी अशी चालली होती की काय सांगू! लोण्यातून सुरी जावी तशी. आंबा घाटाच्या तोंडाशी मागून एसटी आली आणि मला ओलांडून गेली. खिडकीत एक जांभळ्या ड्रेसातली बाई होती. ती माझ्याकडे बघून हात करत होती. दोन्ही हात करत होती. तोंडानंही काहीतरी म्हणत होती. मी पुढं बघत राहिलो. पोत्याला म्हटलं, "बघ, एसटीतली माणसं किती कावलेली असतात. तू आपली सुखात आहेस."

साखरप्याला नव्या घरासमोर मांडव होता. मी झोकात गाडी उभी केली. सुमन धावत आली. "दाजी आलं, दाजी आलं! पन अक्का कुठाय?"

मी अभिमानानं मागं अंगठा केला. "सबंध घाटात एकदासुद्धा कण्हली नाही."

सुमननं शाल बाजूला केली. मग तिनं घराकडं पाहिलं. दारात शेवंता उभी होती. एसटी दहा मिनिटं आधी पोचली होती आणि ती मागच्या दारानं आत गेली होती.

तेवढ्यात सुमनचा नवरा आला. पानं अंदाजापेक्षा जास्त झाली होती आणि भात कमी पडणार होता. त्यानं पोतं पाहिलं, तोंड उघडून मूठभर तांदूळ हातात घेतला आणि म्हणाला, "वा दाजी! वेळेला आणलात!" दोन आचाऱ्यांनी पोतं उचललं. मी मागं धावलो. तोवर पोत्याची शिवण उसवली होती आणि चुलीवर आधण उकळत होतं.

"थांबा!" मी ओरडलो. "शेवंताला शिजवू नका!"

भटजी मंत्र म्हणायचे थांबले. सगळ्या मांडवानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग शेवंताकडं.

शेवंता म्हणाली, "शिजू द्या."

जेवणं झाल्यावर ती मागच्या अंगणात एकटी बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो. तिनं केसांतला गजरा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "चोवीस वर्सं मी त्या खिडकीत एकटी बसून आले. औंदा म्हटलं, दोघं जाऊ. कंबर दुखली असती तरी चाललं असतं मला."

मला फार वाईट वाटलं. इतकं की भात गेला नव्हता घशाखाली. आता त्या भाताचं कारण वेगळं होतं, पण वाईटही वाटलं होतं. मी म्हटलं, "आता तू सांगशील तसं करतो. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

"मग ध्यानात ठेवा. एसटीच्या खिडकीतनं हात दिसला की एसटी थांबवायची. मला उतरवून घ्यायचं. आन् पोतं खाली टाकून मला मागं बसवायचं. कळलं?"

"कळलं. लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तांदूळ संपला होता, जागा मोकळी होती. शेवंता हेल्मेट घालून, शाल पांघरून मागं बसली. मी काटा कुठं मिळतो का बघत होतो, पण तिच्या डोळ्यांकडे पाहून तो विषय काढला नाही. घाट चढायला लागलो. दोन-तीन वळणं गेल्यावर ती म्हणाली, "व्हय वो. बरं वाटतंय की."

बरं वाटतंय! बावीस दिवस मी ज्यासाठी धडपडलो ते झालं होतं. मला गाणं म्हणावंसं वाटलं. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. तिला झोप लागली होती. हे मला नंतर समजलं. तेव्हा मागं कोण आहे काही कळत नव्हतं, दस्तगीरनं सांगितलं होतं अगदी तसं. आणि वळून बघायचं नव्हतं.

घाट संपत आला तशी पुढं एक एसटी दिसली. चढाला रेंगाळत चालली होती. मी तिच्या मागं लागलो. आणि एसटीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हलायला लागला.

हात! मी गाडी तशीच उजवीकडून पुढं काढली आणि एसटीच्या आडवी घातली. एसटी करकचून थांबली. मी खाली उतरून ओरडलो, "आलो गं! जागा करतो!"

सांगितलेलं सगळं माझ्या ध्यानात होतं. एसटी थांबवली. आता पोतं खाली टाकायचं. तांदूळ काल संपला, हे मला आठवलं नाही असं नाही. पण मागं हेल्मेट होतं, शाल होती, वजनही होतं. समोर दिसत असल्यावर आठवणीवर कोण विश्वास ठेवतो? आठ दिवसांच्या सवयीनं मी मिठी मारली आणि उचललं.

पोतं म्हणालं, "अवो! काय करतासा?"

मी म्हटलं, "गप. बायको एसटीत आहे. तिला जागा पाहिजे."

"मग मी कोण?"

"तू पोतं."

एसटीच्या पुढच्या खिडकीतून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "ओ पाव्हणं! मी हात दाखवला त्यो फुडं जावा म्हणून! आडवं कशाला आलासा?"

मी पोतं हातात धरून उभा होतो. पोत्यानं हेल्मेटची काच वर केली. आत शेवंता होती.

ती माझ्या हातांतून खाली उतरली. हेल्मेट काढलं, मागच्या सीटवर ठेवलं आणि पट्ट्यानं नीट आवळून बांधलं. त्याच्यावर शाल घातली. मग एसटीत चढली आणि कंडक्टरला म्हणाली, "मास्तर, एक बोरगेवाडी फाटा."

चोवीस वर्षांत साखरप्याच्या प्रवासाचे आम्ही दोघांनी मिळून सतरा किलोमीटर केले. मीटरवर आहेत.

घंटी झाली, एसटी निघाली. मी तिच्या मागोमाग चाळीसनं. ड्रायव्हरनं दोन्ही हात चाकावर घट्ट धरले होते, मलकापूर येईपर्यंत एकही बाहेर काढला नाही. शेवंताला खिडकीची जागा मिळाली होती. तिचे खांदे गदागदा हलत होते. रडत होती का हसत होती, ते काचेतून कळलं नाही. पण मी पुन्हा एसटी थांबवू नये म्हणून ती सबंध वाट दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.